एसएमहॅशर: हॅश फंक्शनची झाडाझडती घेणारं फुकट साधन, फक्त मराठी शब्द घरून न्यावे लागतात

माझं काम छोट्या उपकरणांसाठी सी भाषेत कोड लिहिण्याचं. सध्या हातात आहे एक मराठी शुद्धलेखन तपासनीस. तो साध्या फोनवर, इंटरनेटशिवाय आणि अगदी कमी मेमरीत चालला पाहिजे. शब्दरूपं लाखभर. ती जशीच्या तशी साठवायची म्हटलं तर देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहायची नेहमीची पद्धत) तीन बाइट खातं. ‘महाराष्ट्रातल्या’ या एका शब्दालाच ४८ बाइट लागतात. म्हणून शब्द ठेवायचाच नाही, त्याचा चार बाइटांचा हॅश, म्हणजे शब्दाच्या बाइटांवरून ठरलेल्या सूत्राने काढलेला आकडा, तेवढा ठेवायचा, असं ठरलं. कल्पना नवी नाही. बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय यांनी युनिक्सच्या ‘स्पेल’ या शुद्धलेखन तपासनिसासाठी अशीच युक्ती करून सुमारे ३०,००० शब्द पीडीपी-११ या जुन्या संगणकाच्या ६४ किलोबाइटांत बसवले होते, तेही २७ बिटांचे हॅश आणखी दाबून, शब्दामागे सुमारे १४ बिटांत.

यात एक मेख आहे. नेहमीच्या हॅश टेबलात (हॅशवरून खण ठरवून त्यात शब्द ठेवणारी रचना) दोन शब्दांचा हॅश सारखा आला तरी बिघडत नाही. टेबल शेवटी मूळ शब्द ताडून बघतं, थोडा वेळ जातो इतकंच. माझ्याकडे ताडून बघायला मूळ शब्दच नाही. चुकीच्या शब्दाचा हॅश एखाद्या बरोबर शब्दाशी धडकला की चूक बरोबर म्हणून पास! म्हणजे टक्कर, ज्याला आम्ही धंद्यातले लोक कोलिजन म्हणतो, ती माझ्या बाबतीत थेट ग्राहकाच्या पडद्यावर दिसणार.

एमडी-५ किंवा शा-२५६ ही क्रिप्टोग्राफीसाठी बनवलेली हॅश फंक्शनं इथे फार जड. मला पाच-सात ओळींत मावणारं, क्रिप्टोग्राफीचा दावा न करणारं साधं फंक्शन हवं होतं. उमेदवार चार: डॅन बर्नस्टाइन यांच्या नावाने ओळखलं जाणारं तेहतीसने गुणायचं फंक्शन (लोक त्याला डीजेबी-२ म्हणतात), एफएनव्ही-१ए, सीआरसी-३२ आणि मर्मरहॅश-३. त्यांच्यात निवड करण्यासाठी एसएमहॅशर चालवलं. हे परीक्षण त्याचं.

एसएमहॅशर ऑस्टिन ॲपलबी यांचं. मर्मरहॅश लिहिणारेही तेच. आधी ते गूगल कोडवर होतं, ते दुकान बंद झाल्यावर गिटहबवर आलं. सोर्स खुला, लायसन्स एमआयटी, किंमत शून्य. सी-मेकने बांधायचं, फंक्शनचं नाव देऊन कमांड लाइनवर चालवायचं. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत, रंगीत आलेख नाहीत. लिनक्सवर मला बांधायला काहीच त्रास झाला नाही. स्वतःचं फंक्शन त्यात घालायचं असेल तर ठरलेल्या साच्यात एक छोटं आवरण लिहून यादीत एक ओळ वाढवायची. ज्याला सी येतं त्याचा चहा गार व्हायच्या आत होतं.

पहिली चाचणी दिसायला किरकोळ आहे, पण माझ्या मते सगळ्यात उपयोगी: पडताळणीचा आकडा. शून्य, मग शून्य-एक, मग शून्य-एक-दोन अशा वाढत जाणाऱ्या ‘की’ (फंक्शनला हॅश काढायला दिलेले बाइट) २५५ बाइटांपर्यंत देऊन, आलेल्या सगळ्या हॅशांचा पुन्हा हॅश काढतात आणि तो ठरलेल्या आकड्याशी जुळतो का पाहतात. यातून फंक्शनचा दर्जा कळत नाही. तुम्ही उतरवून घेतलेलं फंक्शन मुळाबरहुकूम आहे का, एवढंच कळतं. मराठीवाल्यांना याची गरज इंग्रजीवाल्यांपेक्षा जास्त. सीमध्ये एका बाइटासाठी नुसतं ‘कॅर’ लिहिलं तर इंटेलच्या मशीनवर ते सहसा ऋण-धन दोन्ही घेतं आणि फोनमधल्या आर्म प्रोसेसरवर लिनक्समध्ये फक्त धन. इंग्रजी अक्षरं १२७ च्या आत संपतात, त्यामुळे त्यांना या फरकाचा पत्ताही लागत नाही. देवनागरीचा प्रत्येक बाइट १२८ किंवा वर. म्हणजे लॅपटॉपवर बनवलेली यादी फोनवर नेली की एकही शब्द सापडणार नाही! या चाचणीतल्या की २५४ पर्यंतचे बाइट वापरतात, त्यामुळे अशी चूक तिथल्या तिथे उघडी पडते.

त्यानंतर मुख्य परीक्षा. एका बिटात बदल केला तर हॅशचे निम्मे बिट बदलतात का, हे पाहणारी ॲव्हलांच, जवळपास सगळे बिट शून्य असलेल्या की देणारी स्पार्स, तेच तुकडे फिरवून-फिरवून देणारी, नुसत्या शून्यांच्या वेगवेगळ्या लांबीच्या की देणारी, आणि मजकुराची. सगळ्यांचं वर्णन करत बसत नाही. निकाल कसा वाचायचा ते मात्र सांगायला हवं, कारण नवीन माणूस नेमका तिथेच गोंधळतो.

टक्कर झाली म्हणजे फंक्शन वाईट, असं नसतं. ३२ बिटांत मावणारे आकडे ४ अब्ज २९ कोटींच्या आसपास. तरी साधारण ७७ हजार की घातल्या की एक तरी टक्कर होण्याची शक्यता निम्म्यावर जाते, फंक्शन कितीही आदर्श असो. हिशोब सोपा आहे. कींच्या संख्येचा वर्ग करा आणि त्याला एकूण आकड्यांच्या दुपटीने भागा. लाख शब्दांना सरासरी एक-सव्वा टक्कर, दोन लाखांना साडेचारच्या वर, दहा लाखांना ११६. एसएमहॅशर प्रत्येक चाचणीत हा अपेक्षित आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा शेजारी-शेजारी छापतं, आणि त्यांचं गुणोत्तरही देतं. उदाहरणार्थ स्पार्समधली एक चाचणी घ्या. की २५६ बाइटांची, म्हणजे २,०४८ बिटांची, आणि त्यातले जास्तीत जास्त दोन बिट एक. अशा की होतात २०,९८,१७७. अपेक्षित टकरा ५१२ च्या आसपास. तुमच्या फंक्शनने ५०० दाखवल्या तर छान, ५३० दाखवल्या तरी छान. शून्य दाखवल्या तर मात्र ते फंक्शन यदृच्छ नाही, त्याच्या आत काहीतरी शिस्त आहे. ती शिस्त कधी फायद्याची असते, कधी तोट्याची. गडबड फार मोठी असेल तर ओळीच्या शेवटी उद्गारचिन्हांची रांग येते. ती रांग दिसली की थांबून विचार करायचा.

तेहतीसवाल्याच्या निकालात ही रांग भरपूर दिसते. मजकुराच्या चाचणीत पुढे ‘फू’, मागे ‘बार’ आणि मध्ये इंग्रजी अक्षरं-अंक मिळून चार जागा, अशा १,४७,७६,३३६ की असतात. आदर्श फंक्शनला अपेक्षित टकरा २५ हजारांच्या थोड्या वर. तेहतीसवाल्याचं काय होणार ते प्रोग्राम न चालवता कागदावरही काढता येतं. त्या चार जागांतल्या अक्षरांचे कोड ४८ ते १२२ च्या दरम्यान, आणि फंक्शन करतं काय, तर त्यांना ३३ च्या घातांनी गुणून बेरीज. अशा बेरजा वेगवेगळ्या निघून निघून निघणार किती? जास्तीत जास्त २७,४२,४४१. जवळपास दीड कोटी की साडेसत्तावीस लाखांच्या आत कोंबायच्या म्हणजे किमान एक कोटी वीस लाख टकरा ठरलेल्याच. हॅश ३२ बिटांचा असो की ६४ चा, यात काडीचा फरक पडत नाही. गर्दी बेरजेतच झालेली असते.

‘पण इंग्रजी मजकुरावर ते इतकी वर्षं चालतंय की,’ असं म्हणणारे भेटतात. चालतं, कारण टेबल मूळ शब्द ताडून बघतं. पीएचपीच्या ॲरेच्या पोटात आजही तेहतीसचाच गुणाकार आहे आणि जग बुडालेलं नाही.

आता माझ्या तक्रारीकडे येते. मूळ एसएमहॅशरच्या मजकूर-चाचण्या इंग्रजी अक्षरांच्या. देवनागरीसारख्या लिपीच्या बाइटांना एक विशिष्ट चण असते, ती तिथे कुठेच येत नाही. म्हणून मी तीसेक ओळींचा वेगळा प्रोग्राम लिहिला. शब्दांची फाइल वाचायची, हॅश काढायचे, सॉर्ट करायचं, शेजारी सारखे आलेले वेगळे काढायचे. तेहतीसवाल्यावर हा चालवला आणि ज्या जोड्या पुढे आल्या त्या पाहून आधी हसू आलं, मग वही काढली.

जोर आणि जबर. कनक आणि केक. वळू आणि वळण. हवे आणि हवन. मरू आणि मरण.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरी चिन्हाचा पहिला बाइट नेहमी २२४. दुसरा बाइट पहिल्या वेलांटीपर्यंत १६४, आणि दुसऱ्या वेलांटीपासून पुढे १६५. तिसरा १२८ ते १९१. ‘न’ म्हणजे २२४, १६४, १६८. मात्रा म्हणजे २२४, १६५, १३५. आता दुसऱ्याला ३३ ने गुणून त्यात तिसरा मिळवा. ३३ गुणिले १६४ अधिक १६८ म्हणजे ५,५८०. ३३ गुणिले १६५ अधिक १३५, तेही ५,५८०. दुसरा बाइट एकाने वाढला, तिसरा तेहतीसने घटला, हिशोब चुकता. तेहतीसवाल्याच्या लेखी ‘न’ आणि मात्रा हे एकच अक्षर! तसंच ‘ब’ आणि काना-मात्रा, ‘ण’ आणि दुसरा उकार, ‘ढ’ आणि पहिला उकार, ‘ड’ आणि दुसरी वेलांटी. सगळ्यात कहर म्हणजे ‘म’ आणि पाय मोडायची खूण. अशा एकूण ३१ जोड्या.

माझ्या तपासनिसात याचा अर्थ असा, की ‘लोक’ बरोबर असेल तर ‘लबक’ही बरोबर. ‘शब्द’ बरोबर, मग ‘शबमद’ही बरोबर. ‘पुणे’ची चारही चिन्हं या ३१ जोड्यांत मोडतात, म्हणून त्याला वाचता येणारी आणि न येणारी मिळून १६ रूपं आणि सगळ्यांचा हॅश एक. त्यातलं ‘पढणे’ तर चक्क शब्दासारखं दिसतं. उमेदवार बाद.

हे सगळं मी भाच्याला दाखवलं. तो जावात काम करतो, आणि तरुण मंडळींना असते तशी त्याला आपल्या भाषेबद्दल खात्री. ‘‘मावशी, तुझं ते सी सोड. आमच्याकडे स्ट्रिंगचा हॅशकोड एकतीसने गुणतो, आणि बाइट नाही, सोळा बिटांची अख्खी चिन्हं घेतो. असलं काही होणार नाही.’’

म्हटलं, बघू या. जावातली प्रसिद्ध टक्कर म्हणजे कॅपिटल ‘ए’ला जोडून स्मॉल ‘ए’, आणि समोर दोन कॅपिटल ‘बी’. दोन्हींचा हॅशकोड २,११२. पहिलं अक्षर एकाने वाढवा, दुसरं एकतीसने कमी करा, झाली टक्कर. आता आपली वर्णमाला आठवा. क नंतर लगेच ख, ग नंतर घ, ज नंतर झ, द नंतर ध, ब नंतर भ. अल्पप्राणाला खेटून महाप्राण, आणि युनिकोडमध्येही ती त्याच क्रमाने. म्हणजे ‘एकाने वाढवा’ ही अट वर्णमाला लावणाऱ्यांच्या कृपेने आधीच पुरी. राहिलं एकतीसचं अंतर. कान्याचा कोड २,३६६ आणि ‘ट’चा २,३३५. फरक बरोबर ३१! मात्रा आणि ‘न’ यांच्यातही ३१, दुसरी वेलांटी आणि ‘ड’ यांच्यातही ३१.

‘‘काका टाइप कर,’’ मी म्हटलं, ‘‘आणि मग खटका.’’

दोन्हींचा हॅशकोड ७,१६,१२,२४२. मग आम्हाला चेवच चढला. काला आणि खटला. बाकी आणि भटकी. बाजी आणि भटजी. गाणे आणि घटणे, जाणे आणि झटणे. जीप आणि झडप. सगे आणि सघन, सादे आणि साधन, सुभे आणि सुमन. ‘दे’ आणि ‘धन’ तर नुसते दोन अक्षरांत, दोघांचा आकडा ७४,९७७. भाच्याने ‘बाजी’वर हात टेकले.

जावाची बाजू घेऊन सांगते: याने जावाचा एकही प्रोग्राम चुकीचं उत्तर देत नाही. तिथलं हॅशमॅप शेवटी शब्दांची तुलना करतंच. आठव्या आवृत्तीपासून एकाच खणात फार गर्दी झाली तर यादीऐवजी झाड बांधायची सोयही आहे. पण कुणी ‘हॅशकोड सारखा म्हणजे शब्द सारखा’ असं धरून कोड लिहिला असेल, आणि असा कोड लोक लिहितात, तर मराठीत त्याची गाठ काकांशी पडेल.

यावर इंटरनेटवर हमखास मिळणारा सल्ला असा, की हॅशच्या शेवटी मर्मर-३ चं शेवटचं घुसळण लावा. १६ बिट सरकवून एक्सऑर (दोन बिट वेगळे असले तर एक, सारखे असले तर शून्य), गुणाकार, १३ बिट सरकवून एक्सऑर, गुणाकार, पुन्हा १६. ते लावलं की आकडे दिसायला एकदम यदृच्छ, आणि टेबलाचे खण छान भरतात. पण हे घुसळण उलटवता येण्याजोगं आहे, एका आकड्याला एकच आकडा. जोर आणि जबर घुसळणीच्या दारात पोचतानाच एक झालेले असतात. पलीकडून दोन होऊन कसे निघतील? पायाला तडा गेलेल्या भिंतीला हा गिलावा झाला. एसएमहॅशरमध्ये टकरांचे आकडे या घुसळणीने जागचे हलत नाहीत, आणि ते तसंच दाखवतं, हा त्याचा प्रामाणिकपणा मला आवडला.

एफएनव्ही-१ए चा निकाल मजेदार. ग्लेन फाउलर, लँडन कर्ट नॉल आणि फाँग व्हो या तिघांच्या आडनावांवरून नाव. एक्सऑर करा, १,६७,७७,६१९ ने गुणा, पुढचा बाइट घ्या, संपलं. एसएमहॅशर याला ॲव्हलांचमध्ये नापास करतं, आणि ते रास्तच आहे. गुणाकारात परिणाम खालच्या बिटाकडून वरच्याकडे जातो, उलट कधीच नाही. शेवटच्या बाइटाचा सगळ्यात वरचा बिट बदलला तर हॅशचे खालचे सात बिट ढिम्म हलत नाहीत. खालचे मोजके बिट घेऊन टेबलाचा खण ठरवणाऱ्याने हे वाचून घ्यावं. मी मात्र अख्खा आकडा साठवते. माझ्या मराठी यादीवर याच्या टकरा अपेक्षित आकड्याच्या आसपासच निघाल्या, वरच्यासारखी नमुनेदार जोडी एकही नाही.

शिवाय एक गोष्ट कागदावर सिद्ध होते. मराठीत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पहिली-दुसरी वेलांटी. नेमक्या त्या जागी १६४ संपून १६५ सुरू होतं, म्हणून एका चुकीत दोन बाइट बदलतात. एफएनव्ही-१ए मध्ये या बदलाने हॅश सारखा राहायचा तर दोन गुणाकारांतला फरक ६३ च्या आत बसायला हवा, आणि तो असतो पावणेदोन कोटींच्या घरात. म्हणजे ‘पिक’ कधीच ‘पीक’ म्हणून खपणार नाही. इतर एखाद्या शब्दाशी योगायोगाने धडकू शकेल, तेवढंच.

सीआरसी-३२ ला तर एसएमहॅशर झोडपूनच काढतं. ते सरळ रेषेतलं गणित आहे, हॅशसाठी बनवलेलं नाहीच. इंग्रजीत ‘प्लमलेस’ आणि ‘बकरू’ ही त्याची गाजलेली टक्कर. पण त्याच सरळपणामुळे सलग ३२ बिटांच्या आत झालेला कोणताही बदल त्याच्या हातून निसटत नाही, अशी गणिती हमी मिळते. देवनागरीचं एक चिन्ह २४ बिटांचं. म्हणजे एका चिन्हाच्या जागी दुसरं पडलं तर हॅश बदलणारच! ही हमी मर्मर-३ देऊ शकत नाही, आणि मर्मर-३ या परीक्षेत सीआरसीपेक्षा कितीतरी वर. नापास या शिक्क्यावर जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. इथली परीक्षा ‘हे फंक्शन यदृच्छ दिसतं का’ अशी आहे. तुमच्या कामाचा प्रश्न वेगळा असू शकतो.

माझा प्रश्न तर फारच वेगळा निघाला. बरोबर शब्द आपसांत धडकले तर माझं काहीच बिघडत नाही, दोघेही बरोबरच आहेत. धोका चुकीच्या शब्दाचा. लाख हॅश साठवलेले असताना ३२ बिटांत एखादा चुकीचा शब्द योगायोगाने पास व्हायची शक्यता सुमारे ४३ हजारांत एक. प्रत्येक शब्दाची पन्नास चुकीची रूपं धरली तर पन्नास लाखांतली ११६ निसटणार. फंक्शन आदर्श असलं तरीही! हा आकडा कमी करायचा तर फंक्शन बदलून उपयोग नाही, बिट वाढवायला हवेत. शेवटी ६४ बिटांचं एफएनव्ही-१ए घेतलं, त्याचे वरचे बिट खालच्यांवर एक्सऑरने दुमडून ४० बिट केले (असं दुमडणं त्या फंक्शनच्या कर्त्यांनीच सुचवलेलं आहे), आणि शब्दामागे चारऐवजी पाच बाइट साठवले. आता शक्यता एक कोटी दहा लाखांत एक. मेमरी वाढली लाख बाइट. परवडतं.

वेगाचे आकडेही एसएमहॅशर देतं. त्यातला मोठ्या डेटाचा वेग बघून भुलू नका. मराठी शब्द बहुतेक ६ ते ४० बाइटांचे. त्यासाठी एक ते एकतीस बाइटांच्या कींना प्रोसेसरच्या किती सायकल लागतात, ती वेगळी यादी छापलेली असते, ती बघा. मोठ्या फाइलींवर धावणारी फंक्शनं छोट्या शब्दावर आपला फायदा घालवून बसतात.

सुरक्षेच्या नावाखाली हे साधन वापरू नये. इथे उत्तीर्ण होणं म्हणजे कुणी मुद्दाम त्रास देणार नाही असं धरून उत्तीर्ण होणं. २००३ मध्ये क्रॉस्बी आणि वॉलाक यांनी दाखवलं होतं, की ठरवून धडकणाऱ्या की पाठवल्या तर टेबल रांगत चालायला लागतं. २०११ च्या डिसेंबरात क्लिंक आणि व्हेल्डे यांनी वेब सर्व्हरांच्या अनेक भाषांवर तेच करून दाखवलं. मर्मर-३ ही त्यातून सुटलं नाही. सीड (हॅशच्या सुरुवातीला घालायचा आकडा) कुठलाही असला तरी धडकणाऱ्या की बनवता येतात, हे २०१२ मध्ये पुढे आलं. त्याच वर्षी ओमासन आणि बर्नस्टाइन यांनी अशा हल्ल्यांना तोंड देण्यासाठी गुप्त किल्ली वापरणारं सिपहॅश दिलं, आणि पायथन ३.४ ने ते स्वीकारलं. बर्नस्टाइन तेच, तेहतीसवाले. वेब फॉर्ममधून येणाऱ्या कींसाठी सिपहॅश वापरा आणि या परीक्षणातलं बाकी सगळं विसरा.

मूळ एसएमहॅशर आता जुनं झालंय. राइनी उर्बान यांच्या शाखेत शेकड्याने फंक्शनं आहेत, आणि प्रत्येकापुढे वेग व दोष लिहिलेला भलामोठा तक्ता. नुसतं निवडायचं असेल तर तो तक्ताच पुरे. फ्रँक वोजिक यांचं एसएमहॅशर-३ संख्याशास्त्राच्या बाबतीत जास्त काटेकोर. कुठला निकाल योगायोग आणि कुठला खरा दोष, हे तिथे जास्त नीट कळतं. आज सुरुवात करणाऱ्याने थेट तिथेच जावं. मूळ आवृत्ती मी वापरली ती आकाराने लहान आहे म्हणून. एका बसणीत सगळा कोड वाचून होतो.

कागदपत्रं यथातथाच. चाचण्यांची नावं आहेत, पण कुठली चाचणी कुणाच्या कामाची, हे सांगणारा परिच्छेद नाही. एफएनव्हीसारख्या फंक्शनांना खरा सीड नसतोच, तरी सीडच्या चाचणीत त्यांच्यापुढे नापास छापून येतं, आणि त्यातलं किती मनावर घ्यायचं हे आपलं आपणच ठरवायचं.

पाचपैकी चार तारे. कापलेला तारा इंग्रजीखेरीज मजकूर नसल्याबद्दल. देवनागरीचा की-संच मी माझ्या प्रतीत जोडायला घेतलाय. त्यात वरच्या ३१ जोड्या आहेत, अल्पप्राण-महाप्राणाच्या जोड्या आहेत, आणि एक उलट्या तऱ्हेची यादीही. ‘ॲप’मधला ‘ॲ’ काही कीबोर्ड एका कोडने लिहितात, तर काही ‘अ’वर चंद्र चढवून दोन कोडांनी. ‘दऱ्या’मधल्या अर्ध्या ‘र’चीही तीच तऱ्हा. डोळ्यांना शब्द एक, हॅश दोन. या दोषाला टक्कर म्हणता येत नाही आणि कुठलंही हॅश फंक्शन तो दूर करू शकत नाही, पण तपासनीस मात्र बरोबर शब्दाखाली लाल रेघ ओढतो. म्हणून हॅशच्या आधी शब्द एका रूपात आणायची पायरी घातली आहे, आणि ती यादी तिच्या परीक्षेसाठी.